चन्नव्वाचं मराठी

सांगली,
२८ नोव्हेंबर १९७४

श्री. नानासो यांस,

चन्नव्वाचा नमस्कार. मी बरी आहे. तुम्हीही बरे असाल असं पुढं लिहायची रीत आहे, पण तुमच्या घरच्या बनुबाई गेल्याचं मला कळलं आहे, तेव्हा ती रीत बाजूला ठेवते. तुमच्या रहिमतपूरचे एक व्यापारी इथं पेठेत येतात, त्यांनी सांगितलं. श्रावणातच सांगितलं होतं. पत्र लगेच लिहायला हवं होतं, ते राहिलं. अक्षर वाकडं दिसलं तर पेनला दोष द्या, नवीन आहे.

बनुबाईंना मी एकदाच भेटले. तुमच्या गावी प्रयोग होता तेव्हा त्यांनी साऱ्या कंपनीला जेवण घातलं होतं. त्या काळी नाटकातल्या बाईला लोक ओसरीवर पान मांडायचे. त्यांनी मला आत, घरच्या बायकांच्या पंगतीत बसवलं, आणि वांग्याचं भरीत दुसऱ्यांदा वाढलं. एवढीच ओळख. पण ती माझ्या लक्षात आहे.

इकडची बातमी अशी की, इथल्या नाट्यमंडळानं फेब्रुवारीत माझा सत्कार ठरवला आहे. त्याच संध्याकाळी मी लिहिलेल्या नाटकाचा पहिला प्रयोग. होय, मी नाटक लिहिलं. हसून झालं की पुढं वाचा.

मंडळाचा चिटणीस जवाहर म्हणून आहे. कापडाचं दुकान आहे त्याचं; गिऱ्हाइकासमोर लुगडं अर्धं उलगडून ठेवून नाटकाच्या गप्पा मारतो. स्मरणिकेत छापायला माझी माहिती हवी म्हणून तो घरी आला होता.

"आक्का, तुमी मूळच्या कुठल्या?"

"गदगजवळच्या खेड्यातली."

"मग सांगलीत कशा आलात?"

"सामानाबरोबर," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी चेष्टा करते. पण तसंच झालं होतं. आई एका कानडी नाटक कंपनीत स्वयंपाकाला होती आणि मी पडदे, पेट्या, पातेली यांच्याबरोबर गाडीत बसून फिरत होते. इथं मुक्काम असताना मालक तापानं गेले आणि कंपनी मोडली. सगळे आपापल्या गावी परतले. आमचं गावी कुणी नव्हतं. तेव्हा इथं एक मराठी कंपनी उतरली होती, तिला स्वयंपाकीण हवी होती. आईला घेतलं, आईबरोबर मला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कऱ्हाडच्या मुक्कामात माझ्या तोंडी पहिलं वाक्य आलं: "राणीसरकार, घागर फुटली." मी म्हटलं, "घागर फुटला." प्रेक्षक इतके हसले की राणीसरकारांना रडायचं होतं ते राहून गेलं. मालक मला काढणारच होते. तुम्ही तेव्हा कपटी सेनापती करत होता आणि आम्ही पोरी तुम्हाला रंग उतरल्यावरही भीत होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला संगमावर नेलंत.

"आगं पोरी, घागर ती असती. फुटली म्हणायचं."

"का?"

"का म्हंजे? हाय तशी हाय. आता म्हण. तो घाट. ती नाव. ते पाणी."

आमच्या कानडीत वस्तूंमध्ये बाई-बाप्या नसतो. दगड, नदी, झाड, सगळी एका रांगेत. मला वाटलं ही भाषा नाही, लग्नाची पंगत आहे. कोण नवऱ्याकडचा, कोण नवरीकडचा, हे आधी पाठ करायचं. पण त्या मुक्कामात रोज सकाळी तुम्ही दिसेल ते दाखवत गेलात आणि मी पाठ करत गेले.

हे जवाहरला सांगितलं नाही. मराठी कंपनीत शिकले, एवढंच सांगितलं. त्यानं खूश होऊन लिहून घेतलं: अभिनय, दिग्दर्शन, अध्यापन, नाट्यलेखन. "आक्का, चार चार प्रांत गाजिवलेत की!" मी म्हटलं, "गाजवले नाहीत रे. एक बंद पडलं म्हणून दुसरं धरलं." हे त्यानं लिहून घेतलं नाही.

पण खरं ते तेच. कंपनी साताऱ्यात बंद पडली नसती तर मी दिग्दर्शन कशाला केलं असतं? तुम्ही शेतीकडे गेलात, मी इथं आले. साखर कारखान्याच्या कामगारांची नाटकं बसवली, जत्रेतली बसवली. तासगावकडच्या एका गावात गडी म्हणाले, "बाई शिकीवणार व्हय आमाला?" मी त्यांच्यासमोर तुमच्या सेनापतीचा प्रवेश करून दाखवला, तुमच्याच आवाजात, मिशीवरून हात फिरवण्यासकट. मग गडी तालमीला रांगेत उभे राहिले. पुढं पाचगणीच्या एका शाळेत नाटक शिकवलं. साहेबी वळणाची मुलं ती, माझ्या मराठीत त्यांना चूक सापडत नसे. माझं मराठी चांगलं म्हणून नव्हे, त्यांचं वाईट म्हणून. तिथली थंडी सोसेना तेव्हा परत सांगलीला आले आणि घरीच वर्ग सुरू केला. लिहायला लागले ती अगदी अलीकडे, वर्गातल्या बायकांना करण्याजोगं काही मिळेना म्हणून.

नाटक एका कंपनीतल्या स्वयंपाकिणीचं आहे. तिसऱ्या अंकात मालक तिला तिच्या मुलखात परत पाठवायला निघतो आणि ती त्याला सांगते की मी जाणार नाही. मोठं भाषण आहे. भूमिका चंदनबाला करणार. समडोळीच्या जैन शेतकऱ्याची मुलगी, इथं शाळेत शिक्षिका आहे, लग्नाआधीपासून माझ्या वर्गाला येते. अजून तिशीची नाही, केस पांढरे करावे लागतील. खरं तर मी ती माझ्यासाठी लिहिली होती, पण गुडघे आता ऐकत नाहीत.

निमंत्रणपत्रिका पाठवीन. ऊसतोडीचे दिवस आहेत, येणं जमलं नाही तरी मी समजून घेईन. तुमचा जोतिबा पलटणीतून रजेवर आला की त्याला माझा आशीर्वाद.

आपली नम्र,
चन्नव्वा


सांगली,
१२ जानेवारी १९७५

श्री. नानासो यांस,

नमस्कार. तुमचं पत्र आणि पाठवलेली गुळाची ढेप, दोन्ही पोचलं. गूळ वर्गातल्या बायकांत वाटला. पत्र कुणाला दाखवलं नाही.

तुम्ही लिहिता, "गुडघ्याचं मला सांगू नकोस. स्वयंपाकीण बसून बोलंल. तू उभी का न्हाईस ते खरं कळीव." अठरा वर्षं आपण दिवाळीच्या कार्डापलीकडे काही लिहिलं नाही, तरी तुम्हाला माझं खोटं तिथं बसून दिसतं. तर खरं कळवते.

गौरी-गणपतीच्या आधी मी नळावर पाणी भरताना पडले. उजवा हात बधिर झाला, तोंड थोडं वाकडं झालं. शेजाऱ्यांनी मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलं. तोंड सरळ झालं, हात बराचसा आला. अक्षर वाकडं आहे ते त्याच्यामुळे, पेन बिचारं चांगलं आहे. तुम्हाला पत्र पाठवायला उशीर झाला तोही त्याच्यामुळे.

एवढंच असतं तर मी ते पहिल्या पत्रातच लिहिलं असतं. दवाखान्यातून आल्यावर दूधवाल्याला मी "किती दूध" म्हणून विचारलं आणि तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, आज कानडीत काय?" मला तर मी मराठीच बोलले असं वाटत होतं. त्याच्या आईचं माहेर अथणीकडचं, म्हणून त्याला कळलं तरी.

डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त अडलं की असं होतं, पुढं शिकलेलं आधी निसटतं आणि आईकडून आलेलं राहतं. काहींचं परत येतं. हळू बोला, म्हणाले. हळू बोलले तर जमतं. घाई झाली, राग आला, दमले, की भाषा बदलते आणि मला पत्ता लागत नाही. दुसरा कुणी मराठीत बोलला तर शब्द न् शब्द कळतो. लिहिताना तर काहीच होत नाही. कागदावर शब्द थांबून असतो, मी त्याला निरखू शकते.

कुणाला सांगितलं नव्हतं. तालमी दिवाळीनंतर सुरू झाल्या. मी खुर्चीत बसून हळूहळू सूचना देत होते, मंडळी म्हणत, आक्का आता शांत झाल्या. मग एक दिवस तिसरा अंक घेतला. ते भाषण मी उभी राहून म्हटलं. नानासो, फार दिवसांनी मला रंगमंचावर उभं राहिल्यासारखं वाटलं. एक वाक्य अडलं नाही. कुठं थांबायचं, कुठं मालकाकडे पाठ फिरवायची, सगळं जिथल्या तिथं आलं. शेवटी मी पदर खोचला आणि वळून बघितलं, तर मालकाचं काम करणारा मुलगा तोंड उघडं ठेवून उभा होता आणि जवाहर जमिनीकडे बघत होता.

चंदनबाला माझ्याजवळ आली. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आक्का, समदं कानडीत झालं."

"सगळं?"

"पयल्या वाक्यापासनं."

मी बसले. कुणीतरी चहा आणला. माझंच मराठी नाटक मला कानडीत पाठ होतं, आणि मी ते कधी कानडीत लिहिलं नव्हतं. "मी इथली आहे, मी जाणार नाही," असं ती बाई म्हणते. ते मी नेमकं परमुलखातल्या भाषेत म्हटलं होतं.

मंडळाची बैठक झाली. मला बाहेर बसवलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. एक सभासद म्हणाले, सीमेचं भांडण चालू आहे, सांगलीच्या रंगमंचावर आपल्या मंडळाची बाई कानडी बोलायला लागली तर दगड पडतील. जवाहर त्यांना म्हणाला, "दगड पडायला सांगलीत कानडी न कळणारं हाय कोण?" पण शेवटी त्यालाही वाटलं की चंदनबालानंच करावं. मलाही तेच वाटलं. मीच आधी म्हटलं.

ती चांगलं करते. माझ्यासारखं करत नाही, हे अधिक चांगलं आहे. माझ्या भाषणात राग होता, तिच्यात नाही. ती मालकाला अशी सांगते जशी पोराला समजावते. पहिले दोन दिवस मला ते चुकीचं वाटलं. मग मी वहीतली सूचना खोडली.

तर हे असं आहे. तुम्हाला कळवलं कारण तुम्ही विचारलंत. कीव येईल असं काही लिहू नका.

पत्रिका सोबत आहे. सत्कार दुसऱ्या अंकानंतर. मला दोन वाक्यं बोलायची आहेत, तेवढी मी पाठ करते आहे.

आपली,
चन्नव्वा


सांगली,
२४ फेब्रुवारी १९७५

श्री. नानासो यांस,

नमस्कार. सुखरूप पोचल्याचं तुमचं कार्ड मिळालं. इथं स्मरणिकांचे गठ्ठे अजून माझ्या घरात पडून आहेत आणि जवाहर रोज येऊन प्रयोगाबद्दल बोलतो. तासगावहून आणि विट्याहून प्रयोगाची बोलावणी आली आहेत. चंदनबालाच्या सासऱ्यांनी आधी कुरकुर केली, मग स्वतःच विचारलं की बैलगाडीनं यायचं की एस.टी.नं.

तुम्ही येणार हे कळवलं नव्हतंत. मी व्यासपीठावरून तुम्हाला तिसऱ्या रांगेत बघितलं. फेटा ओळखला नाही, बसायची पद्धत ओळखली.

एस.टी. स्टँडवर तुम्ही मला दोन गोष्टी विचारल्यात. एक, "काल काय बोललीस गं?" दुसरी, रहिमतपूरला येऊन राहतेस का. मी दोन्हींची उत्तरं दिली नाहीत. तेव्हा बोलायला गेले असते तर कोणत्या भाषेत आलं असतं कुणास ठाऊक. तुम्ही म्हणालात, "मग पत्रात कळीव." म्हणून हे पत्र.

आधी पहिल्या गोष्टीचं.

शाल घातली, नारळ दिला, मी ध्वनिक्षेपकासमोर गेले. पाठ केलेली दोन वाक्यं तयार होती. समोर एवढी माणसं बघितली आणि तोंड उघडलं. पहिल्याच वाक्याला निम्म्या सभागृहाच्या चेहऱ्यावर एकदम ओळख आली आणि निम्मं सभागृह अदबीनं गप्प राहिलं. तेव्हा कळलं, काय झालं ते. मी थांबले. मंडळाचे ते सभासद खुर्चीत पुढं सरकले. आणि तुम्ही तिसऱ्या रांगेतून उठून वर आलात, माझ्या शेजारी उभे राहिलात आणि सेनापतीच्या आवाजात म्हणालात, "बाईंचं म्हणणं मी मराठीत सांगतो."

तुम्हाला कानडीचं अक्षर येत नाही.

तुम्ही सांगितलंत ते मला सगळं ऐकू आलं, कळलंही. "बाई म्हणतात, सांगलीनं मला लेकीवाणी सांभाळलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बाई म्हणतात, कृष्णेचं पाणी पिऊन माझा आवाज घडला." पुन्हा टाळ्या. मी एक वाक्य बोलायची, तुम्ही मान डोलावून ऐकायचात आणि मग खणखणीत काहीतरी ठोकून द्यायचात. अगदी लहान वाक्याचा तुम्ही केवढा तरी मोठा अर्थ केलात. ज्यांना कानडी येत होतं त्यांना तुमचं खोटं पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. त्यांच्यातलं एकही माणूस हसलं नाही की उठलं नाही. पुढच्या रांगेत चंदनबालाची आजी राजमतीबाई होती, तिचं माहेर सीमेपलीकडचं. ती तोंडाला पदर लावून बसली होती. नंतर मला म्हणाली, "गडी चांगला हाय गं. पर तुझं एक अक्षर त्याला कळलं न्हाई."

आता मी काय बोलले ते लिहिते. त्याआधी एक सांगते. पहिलं वाक्य माझ्या हातात नव्हतं. पुढची होती. मी थांबू शकत होते, हात जोडून खाली बसू शकत होते. तुम्ही शेजारी येऊन उभे राहिलात आणि माझ्या लक्षात आलं की तुमच्या कानाशी मी काहीही बोलले तरी तुम्हाला ते कळणार नाही. म्हणून बोलले.

मी म्हटलं की, जवाहर चार प्रांत म्हणतो, पण मराठी मी नाटकासाठी शिकले नाही. मला एका माणसाशी बोलायचं होतं, आणि त्याला दुसरी भाषा येत नव्हती. भाषा आली, मग तिच्यातून नाटकं निघाली. ती तुम्हा सगळ्यांना मिळाली, याचा मला आनंद आहे.

मी म्हटलं की, कंपनी बंद झाली त्या दिवशी साताऱ्याच्या स्टेशनवर त्या माणसानं मला विचारलं, "आता गावाकडंच जाणार न्हवं?" मी हो म्हटलं. माझ्या गावाकडं कुणी नाही हे त्याला माहीत होतं. त्याला घरी बायको होती, लहान मुलगा होता. त्यानं "जाऊ नको" म्हटलं नाही, ते बरोबर केलं. म्हटलं असतं तर ज्या बाईनं मला पंगतीत बसवलं तिच्या घरात मी कोणत्या तोंडानं गेले असते? म्हणून मी गदगचं तिकीट काढलं आणि मधे सांगलीला उतरले. रहिमतपूर, सांगली, गदग, एकाच रुळांच्या वाटेवर आहेत. मला मागंही जायचं नव्हतं आणि पुढंही.

शेवटी मी म्हटलं की, मला कशाचीही तक्रार नाही. यावर तुम्ही सांगितलंत, "बाई म्हणतात, पुढल्या जन्मी मी सांगलीतच जन्म घेणार." फार टाळ्या पडल्या. सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच.

झालं. एवढंच बोलले. तुमच्या भाषांतरावर माझा राग नाही. सत्काराला तुमचंच भाषण शोभलं.

आता दुसऱ्या गोष्टीचं.

तुम्ही म्हणालात, घर रिकामं आहे, सून पलटणीच्या गावी जोतिबाबरोबर असते, जोतिबाला मी बघतो, गावाला काय बोलायचं ते बोलू दे. तुम्ही ते स्टँडवर, पानाचा चुना बोटाला लावून, बाजारभाव विचारल्यासारखं विचारलंत. मला तसंच बरं वाटलं. अठरा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मी सामानाबरोबर आले असते.

रहिमतपूरला मी येणार नाही.

कारण रुसवा नाही, बनुबाईही नाहीत आणि गावही नाही. कारण सांगते. आई वाईच्या मुक्कामात गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती कशी गेली ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी प्रयोगात होते. शेजारची एक भली बाई तिच्या उशाशी बसली होती. आई सारखी पाणी मागत होती. त्या बाईला शब्द कळेना. तिनं गूळ आणून दिला, पांघरूण घातलं, देवाचा अंगारा लावला. मी रंग पुसून आले तेव्हा ती बाई रडत मला म्हणाली, "आवं, सारखं काय मागत हुती, समजंच ना." भरलेला तांब्या खोलीतच होता.

डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका येऊ शकतो. आला तर मराठी पुरतं जाईल. तुमच्या घरी, तुमच्या गावात, मी पडून राहीन आणि तुम्ही धावपळ करून मला गूळ आणून द्याल. इथं दूधवाल्याला कळतं. राजमतीबाईला कळतं. गल्लीत कोणत्याही दारातून हाक मारली तर कुणीतरी पाणी घेऊन येईल. म्हातारपणी माणसाला एवढं तरी हवं.

वर्ग चालू आहे. मी बसून दाखवते, चंदनबाला बोलते. बायकांना सवय झाली आहे. दुसरं नाटक डोक्यात आहे, ते लिहून होईल असं वाटतं. हात मंद आहे, पण चालतो.

तेव्हा मी येत नाही, नानासो. तुम्ही या. तुमचा ऊस वाटेकऱ्याला द्या, तो तुमच्यापेक्षा चांगला लावेल. माझ्या घराची पुढची खोली स्मरणिकांनी भरली आहे, ती रिकामी करून घेते. लोक इथंही बोलतील. सांगलीचे लोक नाटकवाल्यांबद्दल पिढ्यान्‌पिढ्या बोलत आले आहेत, त्यांना ते जड जाणार नाही. तुमच्या आवाजाचा माणूस वर्गाला हवाच आहे. मालकाचं काम करणारा मुलगा फार हळू बोलतो.

नाही आलात तरी मी समजून घेईन, असं मागं एकदा लिहिलं होतं. या वेळी तसं लिहीत नाही.

येणार असाल तर एक शब्द पाठ करून या. नीरु. नीरु म्हणजे पाणी.

तुमची,
चन्नव्वा